पाय घासायची तालीम

सांगलीच्या कॉलेजात मी एम.ए. करत होते आणि फेलोही होते. फेलो म्हणजे अर्धा विद्यार्थी आणि अर्धा मास्तर. सकाळी खालच्या वर्गातल्या चार-दोन पोरांना अडलेलं समजावून द्यायचं आणि दुपारी आपणच सरांपुढे मान खाली घालून बसायचं. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. इतिहासाला आम्ही दोघंच फेलो होतो: वाईच्या भिक्षुकाच्या घरातली मी आणि माणदेशातल्या मेंढपाळाच्या घरातला तो. आडदांड अंगाचा, स्वभावाने मात्र लाजाळू. वयाने माझ्याएवढाच असून मला ताई म्हणायचा.

जूनपासून इतिहासाला लेक्चररची एक जागा भरायची होती. आम्ही दोघांनी अर्ज केले. कमिटी निवड करणार होती, पण त्याआधी आमचे विभागप्रमुख सर मागच्या बाकावर बसून प्रत्येकाचा एक तास ऐकणार होते.

मला धास्ती होती ती वर्गाची. नवा मास्तर दिसला की बाकाखाली पाय घासून त्याला हैराण करायचं, हा तिथला रिवाजच होता. बाई उभी राहिली म्हणजे तर कार्ट्यांना पर्वणीच! म्हणून मीच टूम काढली. दर रविवारी रिकाम्या वर्गात आळीपाळीने तास घ्यायचा आणि बाकीच्यांनी पाय घासायचे. गणिताचे आणि संस्कृतचे फेलो या कामाला आनंदाने तयार झाले. एवढे शिकलेसवरलेले लोक इतक्या मनापासून वात्रटपणा करताना मी पुन्हा पाहिले नाहीत.

सुरुवातीला तो घामाघूम व्हायचा. पुढे सरावला. फ्रेंच राज्यक्रांतीवर त्याचं इंग्रजी भाषण धो धो चालायचं, पाय घासले की तो थांबायचा, हसायचा आणि सरळ माणदेशीत उतरायचा, "कुनाचं पाय दुकत्यात? आवं, भाईर जाऊन चोळून या. मी हितंच हाय." आम्ही हसून लोळायचो आणि तो पुन्हा इंग्रजीवर स्वार व्हायचा.

माझा तास आधी झाला. पोरांनी यथेच्छ पाय घासले. मी डगमगले नाही, तास छान रंगला. सरांचा मात्र तोल गेला. तास संपल्यावर त्यांनी सगळ्या वर्गाला असं काही झाडलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या तासाला तोच वर्ग देवळात बसल्यासारखा बसला.

आणि तिथेच घोटाळा झाला. त्या दिवशी मी सरांशेजारी बसले होते. तो उभा राहिला, दोन वाक्यं बोलला आणि सवयीने थांबला. कुणी हूं की चूं केलं नाही. त्याने पुढचं वाक्य सुरू केलं आणि अर्ध्यात सोडलं. गप्प वर्गाची तालीम आम्ही केलीच नव्हती! तो खडू हातात फिरवत राहिला. कपाळावर घाम आला. सरांनी खिशातून घड्याळ काढलं.

तो असाच उभा राहिला तर जागा माझी, हे मला स्वच्छ कळत होतं. मला ती हवीही होती, खोटं कशाला बोलू? पण त्याचा तो चेहरा मला बघवेना. मी चप्पल फरशीवर घासली. चांगली जोरात.

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की भूमी दुभंगली तर बरं, असं मला झालं. पण त्याने मात्र मान वर केली. "कुनाचं पाय दुकत्यात?" वर्गात एकच हशा पिकला. मग त्याला कोण अडवणार! घंटा झाली तरी पोरं उठेनात.

आठवड्याने सरांनी मला एकटीलाच बोलावलं. जागा त्याला मिळाली होती. मला राग आला आणि मी तो गिळला नाही. "माझा तास वाईट झाला का, सर?"

"उत्तम झाला."

"मग मी चप्पल घासली म्हणून?"

"नाही हो." सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मुलांच्या वर्गावर बाई नेमायची नाही, हे कमिटीने तुमच्या तासाआधीच ठरवलं होतं. तो गडबडला असता तर पुण्याहून कुणालातरी आणलं असतं. तुम्हाला सांगायचा धीर मला झाला नाही."

म्हणजे मोठ्या मनाने मी जे सोडलं असं समजत होते, ते माझ्या हातात कधी नव्हतंच. त्या संध्याकाळी मी रडले. त्याला कळलं तेव्हा तो रागाने लाल झाला. "मग मला बी नगं ही नोकरी. उद्याच सांगून येतो, ताई."

"खबरदार!" मी ओरडले. "तुम्ही सोडलीत म्हणून ती मला देणार आहेत का? दोघांनी घरी बसून कुणाचं भलं होणार आहे? मुकाट्याने वर्गावर जा."

जूनमध्ये साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत मला काम मिळालं. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी त्याचा पहिला तास होता. त्याला न सांगता मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. वर्ग गप्प होता आणि त्याचा आवाज कुठेही अडखळत नव्हता. मला फार आनंद झाला, आणि त्या दारातून आत जावंसं फार वाटलं. तास संपेपर्यंत मी तिथेच उभी होते.