टीव्हीच्या काचेवरची रेघ

मी चिडले की माझा आवाज खाली येतो. घरातले सगळे याच गोष्टीला घाबरतात. ही सवय मला आईकडून लागली नाही, बाबांकडून तर नाहीच नाही. ती लागली टीव्हीवरच्या एका गुप्तहेर बाईमुळे.

दर बुधवारी संध्याकाळी ती यायची. गुडघ्यापर्यंत कोट, मानेवर कापलेले केस, काळा गॉगल. इतर मालिकांतल्या बायका तोंडात पदर कोंबून रडत असताना ही समोरच्याला बसायला खुर्ची द्यायची आणि हळू आवाजात त्याचं बिंग फोडायची. कधी धावली नाही, कधी किंचाळली नाही. आणि ज्याला हरवायचं त्याच्याकडे जाताना हटकून सगळ्यांत चांगले कपडे घालून जायची. चिंचणीतल्या आमच्या गल्लीनं ती मालिका पाहिली आणि विसरून गेली. मी पडद्याच्या कापडाचा कोट शिवून घेतला आणि समुद्राच्या दमट हवेत घामानं निथळत शाळेच्या स्नेहसंमेलनात मिरवला. लोक हसले. हसू देत.

आमच्या घराण्यात डाय, म्हणजे दागिन्यांचे साचे, बनवायचं काम चालायचं. पोलादाच्या ठोकळ्यावर भिंग लावून, छिन्नी-हातोडीनं दागिन्याची नक्षी उलटी कोरायची. मग त्यात पत्रा दाबला की फूल उमटतं. कारखाना मोठ्या काकांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा. बाबा त्यांच्या हाताखाली बसायचे. मी जेवणाचा डबा घेऊन जायची आणि डबा रिकामा झाला तरी निघायची नाही. मला त्या टेबलाशी बसायचं होतं. आयुष्यात मी दुसरं काही इतकं मागितलेलं नाही.

मालिकेच्या सुरुवातीला, नावं येत असताना, त्या बाईचा चेहरा एका बाजूनं स्थिर दिसायचा. कानात पाच पाकळ्यांचं फूल. तशी फुलं आमच्याकडे कुणी केली नव्हती. मी ठरवलं, ते फूल उतरवून काकांना द्यायचं, म्हणजे ते मला बसवतील. मग टीव्हीच्या काचेवर भाताच्या शितांनी बटर पेपर चिकटवला आणि पेन्सिल धरून वाट पाहत बसले. चेहरा जेमतेम चार-पाच श्वास टिकायचा. एका बुधवारी अर्धी पाकळी व्हायची. पुढच्या बुधवारी कागद नेमका त्याच जागी कसा लावायचा, हा प्रश्न होता.

तो मी डायवाल्याच्या पोरीसारखाच सोडवला. कागद पुन्हा त्याच जागी बसावा म्हणून बाबा पोलादावर एक बारीक तिरकी रेघ ओढायचे आणि तीच रेघ कागदावरही काढायचे. रेघेवर रेघ बसली की कागद जागेवर. काम संपलं की ती खूण घासून टाकायची. मी बाबांची मोडकी छिन्नी घेतली आणि टीव्हीच्या काचेवर, फुलाच्या खालच्या पाकळीवर येईल अशी, तश्शी रेघ ओढली आणि तीच कागदावरही काढली. बाबांनी मला त्या दिवशी फोडून काढलं. पण कागद दर बुधवारी जागेवर बसू लागला आणि अडीच महिन्यांत फूल पुरं झालं.

मी कागद काकांच्या हातात दिला. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिला, घडी घातली आणि खिशात टाकला. "पोरींनी हातोडी धरायची नाय," एवढंच म्हणाले.

दिवाळीच्या आत त्यांची नवी डाय बाजारात गेली. माझं फूल. आणि खालच्या पाकळीवर ती रेघ! खूण पुसायची असते हे काकांना कळलंच नाही. त्यांनी ती नक्षी समजून पोलादात कोरली. गिऱ्हाइकांना ती रेघच आवडली. बायका दुकानात जाऊन 'चिरेचं फूल' मागायला लागल्या. पाकळीवरून दव ओघळतं, त्याची ती रेघ, असं काका सांगत सुटले. माझा बटर पेपर त्यांनी चौकटीत घालून कारखान्यात लावला, खाली स्वतःची सही ठोकून. चिंचणीत ज्या बाईच्या कानात पाहावं तिच्या कानात तेच फूल. फक्त आईला बाबांनी ते कधी आणलं नाही. मला वाटायचं, परवडत नसेल.

मी त्या वेळी बोंबलले असते तर दोन थोबाडीत बसल्या असत्या आणि गोष्ट संपली असती. त्या बाईनं मला वाट पाहायला शिकवलं होतं. लग्न ठरलं तेव्हा मी दागिन्यांसाठी नाही, त्या बंद पडलेल्या टीव्हीसाठी अडून बसले. सालवडला सासरी टेंपोतून सामानाबरोबर तो मेलेला टीव्ही उतरला तेव्हा अख्खी चाळ बघायला आली. बोईसरच्या औषधांच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं गोळ्यांच्या पट्ट्या तपासल्या. एवढीशी चीर, एवढासा डाग माझ्या नजरेतून सुटायचा नाही. ही नजर कुठल्या टेबलासाठी होती, ते रोज आठवायचं आणि रोज काकांच्या नावानं बोटं मोडायची. टीव्ही चादरीत गुंडाळून माळ्यावर होता. त्याची काच मी दर दसऱ्याला पुसत होते.

यंदा पत्रिका आली. सगळ्या डायवाल्यांनी मिळून काकांचा सत्कार ठेवला होता. त्यांच्या नावाआधी छापलं होतं, 'चिरेच्या फुलाचे जनक'. ती चौकटही व्यासपीठावर ठेवणार होते. मला एवढंच हवं होतं. तो कागद, ते काका आणि खूण म्हणजे काय हे जाणणारे शे-दोनशे कारागीर, सगळं एका छपराखाली.

मी केस मानेवर कापून घेतले. काळी रेशमी साडी नेसले, काळा गॉगल लावला आणि टेंपोत टीव्ही चढवला. हॉलमध्ये काकांसाठी भेट आणली आहे म्हटल्यावर दोघा जणांनी तो व्यासपीठावर नेऊन ठेवला. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. चादर काढली तेव्हा लोकांना गंमत वाटली. मी काकांना आधी खुर्ची दिली. मग गॉगल काढला आणि त्या फुलावरची रेघ कसली, ते सगळ्यांना सांगा, असं हळू आवाजात म्हटलं. काकांनी दव सांगितलं. मी चौकट उघडली, बटर पेपर काचेवर ठेवला आणि काचेवरच्या रेघेवर कागदावरची रेघ बसवली. तसूभरही इकडेतिकडे नाही. पुढच्या ओळीतले दोघे म्हातारे कारागीर उठून जवळ आले, भिंग लावून पाहिलं आणि एक जण हसायला लागला. "अरे, ही तर कागद बसवायची खूण हाय," तो म्हणाला. "आनि यानं ती कोरून ठेवली."

मग हॉल हसला. चोरी कुणालाही माफ झाली असती, नक्षी तर सगळेच उचलतात. पण आयुष्यभर उस्ताद म्हणून मिरवलेल्या माणसाला शिकाऊ पोराला कळणारी खूण कळू नये, हे त्यांना माफ होण्यासारखं नव्हतं. काकांचा चेहरा उतरत गेला आणि मी तो शेवटपर्यंत पाहिला. मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला लेकीच्या लग्नातही वाटलं नव्हतं.

काका खुर्चीतून उठले नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही. "मला नाय कळली," ते म्हणाले, "पन तुज्या बापाला कळली होती. पयल्याच दिवशी. इचार त्याला."

मी बाबांकडे वळले. काचेवरच्या त्या रेघेसाठी मला मारणारा हात त्यांनी गुडघ्यावर ठेवला होता. आईच्या कानात ते फूल का कधी आलं नाही, हे मला तेव्हा कळलं. खरं का, म्हणून मी विचारलं.

"हाय खरं," बाबा म्हणाले. "पन पोरीला हातोडी देऊन बसवली असती, तर लोक काय बोलले असते?"

मी टीव्ही पुन्हा चादरीत बांधला. टेंपोत चढवताना बाबा मागून आले आणि त्यांनी दुसऱ्या बाजूनं हात लावला. मी म्हटलं, राहू द्या, मला जमतं. त्यांना घरी सोडायचं सकाळीच ठरलं होतं आणि टेंपोवाल्यानं त्यांच्यासाठी पुढची जागा रिकामीही केली होती. त्या जागेवर मी टीव्ही ठेवला आणि मागे चढून बसले. ती बाई काम झाल्यावर कधी मागे वळून पाहत नसे. मी पाहिलं. बाबा हॉलच्या पायरीशी छत्री धरून उभे होते. टेंपोवाल्यानं आजोबांना घ्यायचं ना म्हणून विचारलं, तेव्हा मी हळू आवाजात सांगितलं, चल.