आक्काचा नवा चष्मा

अन्याय झाला आमच्या आक्कावर, गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, भर दुपारी. कॅम्पातल्या एका कचेरीच्या पायरीवर ती बसली होती. आतून निरोप आला, "साहेब मीटिंगमध्ये आहेत. पुढच्या मंगळवारी या." पुढचा मंगळवार आला तेव्हा आक्का नव्हती.

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. तिचे बाबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात गेले, ते परतलेच नाहीत. मागाहून पदक आलं. माझ्या पणजीने ते देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवलं. छप्पन्न साली आमचं घर बौद्ध झालं. आता देवांकडे पुन्हा बघायचंसुद्धा नाही, असं ठरलं. अख्खा देव्हारा फडक्यात बांधला आणि मुळा नदीत सोडला. गाठोडं कुणी उघडून पाहिलंच नाही... "देव गेले त्याचं काही नाही गं," आक्का म्हणायची, "त्यांच्याबरोबर बाबा गेले ना!"

घरात त्यांचा एकही फोटो नाही. त्या कचेरीच्या भिंतीवर त्यांच्या पलटणीचा फोटो आहे, हे मला यंदा कळलं. खाली नावं नाहीत, सरकारला गरज वाटली नसावी. आक्काने लगेच मोतीबिंदू काढून घेतला, नवा चष्मा केला.

"तू तेव्हा एवढीशी होतीस. ओळखशील?"

"चेहरा नाही आठवत. पण बाबा उभे कसे राहायचे, ते माहितीये. तू दाखव तर!"

विश्रांतवाडीपासून रिक्षात तिला एकच घोर: फोटोत सगळ्यांना खाली बसवलं असेल तर?

आक्काच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मी एकटी गेले. साहेब होते. चहासुद्धा विचारला. "मोबाईलवर काढून घ्या की, त्यात काय!"

त्यात काय... मागची अख्खी रांग उभी आहे, आक्का. सगळे सारखेच ताठ. एकाचे कान माझ्या वडिलांसारखे वाटतात, मग दुसऱ्याचेही वाटतात. यातला एक आमचा आहे आणि मी रोज त्याच्यावरून बोट फिरवून पुढे जाते, ही धास्ती जात नाही.

चष्मा माझ्या पिशवीत आहे. डबीतल्या फडक्याची घडीसुद्धा मोडलेली नाही.

हळहळू नका. उठा, भिंतीवरचा जुना फोटो उतरवा, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापुढे धरा. कोण कोण आहे ते विचारा, मागे नावं लिहा. आज. पुढच्या मंगळवारी नाही.