ही उडेल, असं मी म्हणालो

"ही उडून जाईल," असं मी छातीठोकपणे सांगितलं, आणि पाच पाणकोंबड्या मेल्या.

मी तेव्हा आमच्या मच्छीमार सोसायटीचा सचिव होतो. मला पोहता येत नव्हतं, मासा धरता येत नव्हता, पण अक्षर बरं होतं. दुष्काळात लिंबागणेशकडचा तलाव आटून खळ्याएवढं डबकं राहिलं, तेव्हा उरलासुरला मासा काढायला सभासद जमले. काठ्यांनी पाणी झोडपायचं, की मासा बिचकून जाळ्यात शिरतो. मध्येच सगळे विडी ओढायला बसले आणि माझी जीभ वळवळली.

काठच्या पाणकणसाच्या वाळल्या गवतात लाल चोचीच्या जांभळ्या पाणकोंबड्या फिरत होत्या. बीडच्या वाचनालयात वाचलेलं मी सांगू लागलो. हिचीच एक नातलग लांब समुद्रातल्या बेटावर राहायची, पांढरी. तिथं कुत्रं नाही, कोल्हा नाही, त्यामुळे भीती ठाऊकच नाही. खलाशी उतरले, त्यांनी काठ्या घातल्या. एक मरायची आणि शेजारची बघत उभी! वंश संपला.

"मंग हिचा वंश कावून ऱ्हायला?" एका तरण्या सभासदानं विचारलं.

"ही उडते ना! जा, मारून दाखव."

तो काठी घेऊन उठला, मागोमाग चौघं. पाणकोंबड्या पळाल्या, पंख फडफडले, पण एकही उडाली नाही. लांब बोटं चिखलाच्या भेगांत अडकली. पहिलीची मान एका फटक्यात लोंबली. दुसरी मोडक्या पायावर गोल गोल फिरत राहिली. तिसरी उताणी पडून काठीलाच चावत होती. तिचं डोकं एकानं टाचेखाली घेतलं, तेव्हा शेंग फुटावी तसा आवाज आला. माझ्या परीटघडीच्या लेंग्यावर रक्त उडालं. मी "अरे, अरे" म्हणत जागीच उभा. पाचवीनंतर हात थांबले. एक तेवढी पाणकणसात दडून किंचाळत राहिली.

पलीकडं जाळं सांधणारे म्हातारे चेअरमन धावत आले. त्यांनी एक मेलेली उचलली, पंख उलगडला. मोठी पिसं नव्हतीच, नुसते कोंब.

"ह्या दिसांत समदी पिसं एकदम झडत्यात," ते म्हणाले. "नवी येईस्तवर उडत न्हाई ही."

"पुस्तकात तसं नव्हतं हो. मला वाटलं, उडतील."

त्यांनी धोतराला हात पुसले.

"त्यांची पिसं झडलती, सचिव. तुमच्या पायाला काय झालतं?"