शाळेत तारीख, शाळेबाहेर इतिहास

आमच्या शाळेत हजेरीचं रजिस्टर होतं, खडू-शाईचंसुद्धा होतं. सहलींचं मात्र नव्हतं. त्यामुळे त्या सहली सगळ्या आमच्या तोंडातच राहिल्या. जुन्या मास्तरांपैकी कुणी भेटलं की एक किस्सा निघतो, त्याच्या मागून दुसरा, आणि चहा गार होतो. ऐकणारे हसतात. सांगताना माझे हात मात्र अजून गार पडतात.

ही भोकरदनची हकीकत, निजामी राजवटीच्या शेवटच्या चार-पाच वर्षांतली. मी तेव्हा नुकताच लागलेला मास्तर. गाव पिंपळगाव रेणुकाई, घरी शेती. इतिहास शिकवायचे देवराव गुरुजी. शाळेतलं शिकवणं उर्दूत, म्हणून वेळापत्रकात त्या विषयाचं नाव ‘तारीख’. पोरांच्या घरी मराठी. तासाला ती नुसत्या माना हलवायची. मग गुरुजी त्यांना घेऊन बाहेर पडायचे. लेणी, किल्ला, जुनं देऊळ, जे गाडीबैलानं गाठता येईल ते. तिथं मराठीत सगळं नीट समजावून सांगायचे. “शाळेत तारीख, शाळेबाहेर इतिहास,” असं म्हणायचे.

दिवस असे की चार माणसं पारावर जमली तरी पोलीस विचारायचे. आणि हे तीस पोरं घेऊन हिंडणार. सोबतीला मी, जो मुळातच भित्रा.

*

पहिल्याच सहलीला हेडमास्तरांनी एक माणूस बरोबर दिला. करीमोद्दीन मास्तर. हैद्राबादेहून बदलून आलेले, उर्दू शिकवायचे, मराठी समजायचं पण बोलणं सगळं दखनी. “ते नुसते सोबत राहतील,” हेडमास्तर म्हणाले. आम्ही काय ते समजलो.

केळना नदीच्या काठच्या लेण्यांत गेलो. गुरुजी बोलायला लागले, आणि करीम मास्तरांनी खिशातून वही काढली. गुरुजी एक वाक्य बोलले की यांची पेन्सिल चालू. गुरुजी थांबले की पेन्सिल थांबायची. तासाभरात गुरुजींचा आवाज बसला. मला तर घरच्यांचे चेहरे दिसायला लागले. नोकरी लागून तीन महिने झाले होते.

परत येताना करीम मास्तर गाडीत माझ्या शेजारी बसले. वही मांडीवर. मी धीर करून विचारलं, “काय लिहिलं मास्तर?”

त्यांनी वही देवराव गुरुजींपुढं धरली. “सतरा सवाल हैं गुरुजी. सबके सामने पूछने कू शरम आई. ये पत्थर काटे तो मलबा किधर फेंके?”

पुढं आठ दिवस रोज शाळा सुटल्यावर दोघं ते सतरा प्रश्न सोडवत बसायचे. हेडमास्तरांना गेलेला करीम मास्तरांचा अहवाल मी पाहिला होता. दोन ओळींचा. तीस मुलं गेली, तीस परत आली. हवा चांगली होती.

*

दौलताबादच्या किल्ल्यात एक अंधारी वाट आहे. डोंगर पोखरून केलेली, वळणावळणानं वर जाणारी. पुढं मशालवाला, मग गुरुजी, मग पोरं एकमेकांचे सदरे धरून, शेवटी करीम मास्तर आणि मी.

मधेच मशाल विझली. मशालवाला म्हणाला, “घबराना नहीं,” आणि दुसरी पेटवायला खाली निघून गेला.

डोळे उघडे आहेत का मिटलेले तेही कळेना. वर वटवाघळं. पोरं रडायला लागू नयेत म्हणून गुरुजींनी तिथंच पाठ सुरू केला. शत्रू इथवर आला की आंधळा व्हायचा, वाट चुकायचा, खंदकात पडायचा. वरच्या भोकातून त्याच्यावर उकळतं तेल ओतायचे.

एका पोरानं विचारलं, “गुरुजी, ह्या वाटेनं शत्रूच येत होता का?”

“हां. दुसरं कोण येईल?”

“मंग आता आपण कोण हाव?”

मागून करीम मास्तर हळूच म्हणाले, “आहिस्ता बोल बेटा. ऊपरवाले सुन लेंगे.”

तेवढ्यात माझ्या मानेवर वरून टपकन एक थेंब पडला.

किल्ल्यावर कुणी ओरडलं, याची चौकशी शाळेत दोन दिवस चालली. पोरांनी माझं नाव सांगितलं नाही, एवढं त्यांचं मोठेपण.

*

एका गावाबाहेर फार जुनं दगडी देऊळ होतं. गावाचं नाव सांगत नाही. बाहेरच्या भिंतीवर अशी कोरीव कामं की माणूस बघत राहावा. आम्ही पोचलो तर पाटील आणि पाच-सात जण वाटेवर उभे.

“लहान्याला आत न्यायचं न्हाई,” पाटील म्हणाले. लहान्या म्हणजे आमच्या वर्गातला महारवाड्यातला पोरगा; त्याची खबर गावात आमच्याआधीच पोचली होती. कविता त्याच्याइतकी कुणाला पाठ नव्हती. तो आधीच गाडीआड जाऊन उभा राहिला होता.

गुरुजी म्हणाले, “बराबर. मंग कुणीच आत जायचं न्हाई. बसा रे सगळे इथंच.”

भर उन्हात बाहेरच्या भिंतीसमोर पोरं बसली. लहान्या पुढच्या रांगेत. गुरुजींनी एकेक मूर्ती दाखवायला सुरुवात केली. मागं माणसं वाढायला लागली. काठ्याही दिसल्या. देवळाच्या दारात येऊन आत यायचं नाही, हाच मोठा अपमान झाला, असं कुणीतरी ओरडलं. मी गाडीवानाला बैल जुंपून ठेवायला सांगितलं.

करीम मास्तर उठले आणि थेट पाटलांपुढं गेले.

“पाटील साहब, मैं भी बाहर का आदमी. मेरे बाजू में छांव है थोडी. आके बैठो.”

कशामुळं कोण जाणे, पाटील येऊन बसले. दोन तास बसले. एकदा विचारलं, “ती आरसा धरलेली कोण?” मग, “आन ह्यो वाद्य वाजवणारा?” उठताना धोतर झटकत गुरुजींना म्हणाले, “मास्तर, आमच्या बापजाद्यापासून देऊळ हितंच हाय. ह्या बाजूला कधी कुणी आलंच न्हाई.”

लहान्याला आत नेलं नाही ते नाहीच. निघताना पाटलांनी पोरांसाठी उसाची मोळी गाडीत टाकली. लहान्यानं त्यातलं कांडं घेतलं नाही.

*

भोकरदनच्या टेकाडावर पाऊस पडून गेला की मातीतून जुने मणी वर यायचे. तांबडे, निळे, शंखाचे. पोरं वेचून आणायची आणि गुरुजी ते शाळेच्या एका कपाटात चिठ्ठ्या लावून ठेवायचे. हेच आमचं म्युझियम.

त्यातला एक तांबडा मणी आईला दाखवायला मी गावी नेला. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा असेल, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

आईनं हातात घेतला नाही. “कुणाच्या गळ्यातला?”

“आता कसं सांगू? कुणीतरी बाई असेल.”

“तिनं काढून दिला व्हता का?”

मी हसलो. आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी मणी तिनं ओल्या फडक्यात बांधून माझ्या पिशवीत घातला, वर चिमूटभर हळदकुंकू. “जिथला हाय तिथं ठिव. तिचं तिला दे.”

मी तो कपाटात ठेवला नाही. टेकाडावर जाऊन पुरला. गुरुजींना अजून सांगितलेलं नाही, आणि आता ते नाहीत.

*

त्याच कपाटात एक लोखंडी गोळा होता. असईच्या रानात इंग्रज आणि शिंद्यांची लढाई झाली, त्या रानात एका शेतकऱ्याच्या नांगराला लागलेला. नारळाएवढा, पण दोन हातांनी उचलायचा.

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा. कुणाला कधी उचलतील याचा नेम नव्हता. सरहद्दीपलीकडून हत्यारं येतात, शाळांतून लपवतात, अशा अफवा. एका दुपारी पोलिसांचे अमीन साहेब, म्हणजे फौजदार, चार जवान घेऊन आले. सगळं उलटंपालटं केलं आणि शेवटी कपाट उघडलं.

जवान दोन पावलं मागं सरले. “साब, बम!”

वर्गातली पोरं दगडासारखी. गुरुजींनी गोळ्यावरच्या चिठ्ठीकडं नुसतं बोट केलं. इतकी वर्षं तासन्‌तास बोलणारा माणूस.

करीम मास्तर शेजारच्या वर्गातून आले. “साहब, ये बम नहीं. ये तारीख है.”

“फटती है?”

“अब तक तो नहीं फटी.”

अमीन साहेबांना हे आवडलं नाही. बादलीभर पाणी मागवलं. गोळा पाण्यात ठेवला आणि देवराव गुरुजींना हुकूम दिला की बादली उचलायची आणि ठाण्यापर्यंत चालायचं. जवान वीस पावलं मागून येणार.

गुरुजींनी बादली उचलली. पाणी हिंदकळून धोतरावर सांडत होतं. दारात करीम मास्तरांनी कडीचा दुसरा अर्धा भाग धरला.

“तुम हट जाओ,” अमीन साहेब म्हणाले.

“बादली भारी है साहब.”

भर बाजारातून दोघं मधे बादली धरून गेले. दुकानदार फळ्या लावून घेत होते. मी शाळेच्या दारातच उभा राहिलो. संध्याकाळी दोघं परत आले. गोळा आला नाही.

*

शेवटचा किस्सा मी फारसा सांगत नाही.

सप्टेंबरात फौज आली, राज गेलं. लोक नाचले. आधीचे कित्येक महिने हत्यारबंद टोळ्यांनी गावं लुटली होती, घरं जाळली होती. आता तीच गावं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन रस्त्यावर आली, आणि समोर सापडेल त्याच्यावर सूड निघायला लागला. करीम मास्तरांची बायको-मुलं आधीच हैद्राबादला गेली होती. ते एकटे. तीन दिवस ते देवराव गुरुजींच्या घरात धान्याच्या खोलीत होते. जालन्याहून हैद्राबादची आगगाडी सुरू झाल्याची बातमी आली.

गुरुजी मला म्हणाले, “सहल काढू. जालन्याची.”

“आन पोरं?”

“त्यांच्या बापांना खरं सांगून इचारलंय. अकरा जण हो म्हणाले.”

मला त्यांनी विचारलंच नाही. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं, हो म्हणायला पोटात बळ नव्हतं.

करीम मास्तरांनी दाढी काढली. धोतर गुरुजींचं, फेटा माझा. गुरुजींनी बजावलं, “एक शब्द बोलायचा न्हाई. तुमची बोली ऐकली की संपलं.”

दोन गाड्या. राजूरला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढं निघालो, तर एका चिंचेखाली पंधरा-वीस माणसं. पुढचा उंच, खांद्यावर कुऱ्हाड.

“कोण?”

“शाळेची पोरं,” गुरुजी म्हणाले. “जालन्याचा किल्ला दाखवायला नेतोय.”

“माझं घर श्रावणात जाळलं. हितं माणसं मरून राह्यलीत, आन तुम्ही सहली करून राह्यलात?”

“राज बदललं. पोरांनी बघितलं पाहिजे.”

तो गाडीपाशी आला. माझ्याकडं बघितलं, मग करीम मास्तरांकडं. “हे कोण?”

“आमचे मास्तर. आज त्यांचं मौन असतं.”

“तुमचं नाव काय, मास्तर?”

करीम मास्तरांनी हात जोडले. तो माणूस हटला नाही. एका पोराच्या मांडीवरची पाटी त्यानं ओढून घेतली आणि करीम मास्तरांपुढं धरली.

“मौन तोंडाचं. हाताचं न्हाई. नाव लिवा.”

मराठी अक्षरं ते पोरांकडूनच शिकले होते, चांगली यायची. पण जन्मभर त्यांनी लिहिली उर्दू, आणि ती उजवीकडून डावीकडं लिहितात. त्यांनी पेन्सिल घेतली, आणि हात आपोआप पाटीच्या उजव्या कडेला गेला. तिथं बारीकशी रेघ उमटली. हात थांबला. मग डाव्या कडेला आला आणि त्यांनी सावकाश लिहिलं, गणपतराव.

मी बघितलं. गुरुजींनी बघितलं. अकराही पोरांनी बघितलं. त्या माणसानंही बघितलं.

त्यानं पाटी हातात घेतली. मागून कुणीतरी विचारलं, “काय हाय रं नाव?”

“गणपतराव.”

मग अंगठा ओला करून उजव्या कडेची रेघ त्यानं पुसली, आणि पाटी पोराच्या मांडीवर परत ठेवली. देवराव गुरुजींच्या जवळ वाकून तो हळू आवाजात म्हणाला, “जल्दी निघा. पुढल्या फाट्यावर बी आमचीच माणसं हायेत. तिथं पाटी काढू नका.”