जगन भगतांचा बाळंतविडा

इसमाचे नाव जगन काळुराम भगत. मूळ गाव खांब, हल्ली मुक्काम वरसे, तालुका रोहा. वय एकसष्ट. बांधा मध्यम, चष्मा वाचण्यापुरता. धाटावच्या एका कंपनीत चौतीस वर्षे बॉयलर ऑपरेटर. या मुदतीत बॉयलर एकदाही फुटला नाही, ही बाब निरोपसमारंभात दोन वक्त्यांनी नमूद केली आणि तिसऱ्याने, पहिल्या दोघांचे न ऐकल्यामुळे, पुन्हा नमूद केली. पत्नी चार वर्षांपूर्वी निवर्तली. अपत्य एक, मुलगी भूमिका, पेणला दिलेली. स्वयंपाक येतो, मर्यादा पिठलं, भात आणि अंड्याचा रस्सा. शिवणकाम, विणकाम व बागकाम यांचा अनुभव : निरंक.

हा शेवटचा रकाना दुरुस्त करण्याची वेळ त्यांच्यावर पौष महिन्यात आली.

भूमिकेला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत सगळ्यांना मान्य. अडचण एवढीच की माहेरी बाई नव्हती. भूमिकेच्या सासूबाई धोंडुबाई पेणला गणपतींचा कारखाना चालवतात आणि कुठलीही गोष्ट घडवायची म्हटली की त्यांना आधी साचा दिसावा लागतो. डोहाळजेवणाच्या पंगतीत जगनरावांनी विषय काढला, तेव्हा धोंडुबाईंनी वाढता वाढता हात थांबवला.

"व्याही, पोरीला न्यायचा तुमचा हक्क हाय, मी नाय म्हनत नाय. पन घरात बाईमानूस नाय. बाळाला टोपरं कोन घालील, बॉयलर?"

"मी घालेन."

"तुमी?" धोंडुबाईंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. "बरं. आता पौष लागला. पौषात मी तिला हलवायची नाय. म्हैनाभर हाय तुमच्याकडं. बाळंतविडा करून दाखवा, सोताच्या हातानं. बाजारातला मना लगेच कळतो. मंग बघू."

बाळंतविडा म्हणजे बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी तयार ठेवायचा कपडेपट : झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, कुंची, एखादा लोकरी स्वेटर. एरवी आजी, मावश्या, आत्या मिळून सहा महिने हे करतात. इथे सगळं खातं एका माणसाकडे आलं. निघताना भूमिका दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, मला घरीच यायचंय. काहीतरी कराच."

दुसऱ्या दिवशी वरशाच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर शिफ्टचा तक्ता लागला. सकाळची शिफ्ट बाग, दुपारची शिलाई मशीन, संध्याकाळची लोकर. शेजारी लॉगबुक टांगलं. बाग बाळंतविड्यात येत नाही. पण बाळंतिणीला शेपू-मेथी लागते, आणि धोंडुबाई ते विचारायला विसरतील असं समजण्याइतके जगनराव भोळे नव्हते.

पहिल्या आठवड्यातल्या नोंदी अशा : 'मेथी, उगवण समाधानकारक. शेपू, उगवण नाही. कारण : सायराची कोंबडी.' 'मशीनमध्ये दोरा अडकला. तीनदा बंद करून चालू केली. झबलं क्र. १ : बाह्या दोन्ही एकाच बाजूला. रद्द.'

सायरा म्हणजे पलीकडच्या घरातली. तिचा नवरा मुसा कुवेतला असतो. कुवेतला थंडी पडते यावर रोह्यात कोणाचाही विश्वास नाही, पण सायरा दरवर्षी त्याला एक स्वेटर विणून पाठवते आणि तो थंडीत घातलेला फोटो पुरावा म्हणून मागवते. कोंबडीच्या अपराधाची भरपाई म्हणून तिने जगनरावांना विणकाम शिकवायचं कबूल केलं.

"सुई अशी नाय धरायची, जगनभाऊ. तो पाना नाय."

"व्हॉल्व्ह असता तर एव्हाना बसला असता."

"व्हॉल्व्ह असता तर मी शिकवायला आले नसते. सुलट घाला. आता उलट. अवो, उलट म्हंजे मागं उसवायचं नाय!"

चार संध्याकाळी उसवण्यात गेल्या. पाचव्या दिवशी ओळ सरळ आली आणि जगनरावांनी ती कोंबडीसकट सगळ्यांना दाखवली. स्वेटर लागला मार्गी. मग टोपड्याची पाळी आली आणि सायराने विचारलं, "डोक्याचं माप?"

"तूच सांग."

"नवीन पोराचं डोकं सोललेल्या नारळाएवढं धरा."

"कुठल्या नारळाएवढं?"

अंदाजावर काम करायचं नाही, हा जगनरावांचा चौतीस वर्षांचा नियम. वरशात त्या सुमारास कोणाकडे तान्हं मूल नव्हतं. तेव्हा ते मापाची टेप खिशात घालून, लेकीला भेटायच्या निमित्ताने, गाडीने पेणला गेले.

भूमिका डॉक्टरकडे गेली होती. जगनराव कारखान्यात वाट पाहत बसले. समोर फळीवर बालगणेशाच्या कच्च्या मूर्ती वाळत होत्या. पुढे कापडी फेटा बांधायचा असल्यामुळे त्यांच्या डोक्यावर मुकुट नव्हता. जगनराव त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मूर्ती बाळाची होती. रांगत होती. जबाबदार कारागिराने घडवलेली होती. कोणी बघत नाही असं पाहून त्यांनी टेप काढली आणि माप घेतलं. कानांवरून घेतलं, कारण टोपड्यात कान झाकले गेलेच पाहिजेत. बावीस इंच.

टोपडं विणून झाल्यावर सायराने ते हातात धरून फिरवून पाहिलं.

"जगनभाऊ, एवढं डोकं माझ्या मुसाचं पन नाय."

"पेणचं माप आहे."

"मंग पेनवाल्यांची डोकी मोठी, दुसरं काय."

पेणच्या मापाला रायगड जिल्ह्यात आव्हान देता येत नाही, तिथे वरशाने काय द्यावं. टोपडं गाठोड्यात गेलं.

पौष अमावास्या उलटली. माघाच्या पहिल्याच सकाळी जगनराव गाठोडं आणि मेथीच्या दोन जुड्या घेऊन पेणला हजर झाले. धोंडुबाई एका सोंडेला पॉलिशपेपर घासत बसल्या होत्या. त्यांनी हात झटकले आणि गाठोडं सोडलं. काम करणाऱ्या दोन बायका आणि जावई प्रविण आपोआप जवळ सरकले. भूमिका दारात उभी राहिली. तिने आत येण्याचं टाळलं.

नेमकं टोपडंच वर होतं.

"ह्ये काय?"

"टोपडं."

"कोनाचा?"

"बाळाचं. माप इथलंच आहे." आणि जगनरावांनी सरळ हात केला तो फळीवरच्या बालगणेशाकडे.

धोंडुबाई उठल्या, टोपडं घेऊन फळीपाशी गेल्या आणि त्यांनी ते गणपतीला घातलं. दोन्ही कानांवरून, कपाळापर्यंत, अगदी चपखल बसलं. खाली बंद बांधला. गणपतीला सर्दी झाल्यासारखं दिसत होतं.

"आवो व्याही," धोंडुबाई डोळे पुसत म्हणाल्या, "नातू होईल नायतर नात होईल. सोंड नाय येनार!"

बायका भिंतीला टेकून हसल्या. प्रविण पाठ फिरवून हसला, कारण सासरा होता. दारात भूमिका पोट धरून हसत होती, आणि जगनराव तिला "जपून, जपून" म्हणत होते. महिना वाया गेला, हे त्यांना चेहऱ्यावरून लपवता आलं नाही.

धोंडुबाईंनी बाकीचं गाठोडं मात्र परत बांधलं नाही. जुन्या सुती साडीची दुपटी त्यांनी गालाला लावून पाहिली. एक झबलं घेतलं, आत हात घातला आणि बोटं आतून फिरवली, जशी त्या मूर्तीवरून फिरवतात. मग दुसरं झबलं. मग तिसरं. हसणं बंद झालं होतं.

"शिवन भायेरच्या अंगाला ठेवलीव. कोनी सांगितली? त्या सायरानं?"

"नाही. कोणीच नाही."

"मंग?"

"पाइपाला जोड देताना खरखरीत बाजू बाहेर ठेवतात," जगनराव म्हणाले. "आतून जे जातं, त्याला लागू नये म्हणून."

धोंडुबाईंनी झबलं नीट घडी करून ठेवलं. तान्ह्याच्या कपड्याची शिवण बाहेर ठेवायची, हे त्यांच्या स्वतःच्या लेकीला तीनदा सांगावं लागलं होतं.

"शनवारी येऊन पोरीला घेऊन जा," त्या म्हणाल्या. "बाळंतपन झाला की पयले बारा दिस मी येन ऱ्हायाला. तुमी झबली शिवा, मेथी लावा, पन माज्या मधी येऊ नका."

"आणि टोपडं?"

"ते आता देवाचा झाला. दुसरा विना. नारळाएवढा."

त्यानुसार, माघातील पहिल्या शनिवारी, सौ. भूमिका प्रविण पाटील या आठव्या महिन्यात, प्रथम प्रसूतीकरिता, वडिलांच्या राहत्या घरी, मौजे वरसे येथे, एक बॅग, डॉक्टरांची फाइल व सासूबाईंनी दिलेल्या सतरा सूचनांसह दाखल झाल्या. त्यांनी चप्पल काढली, पंखा पाचवर टाकला आणि चार वाजेपर्यंत झोपल्या.