नवव्या फेरीचा मालक

एन्सिओ काउप्पिलाला आमचा अख्खा गाव ओळखायचा, पण त्याच्या कामामुळे नाही. आमच्याकडे माणसं म्हातारी, मरणं वरचेवर, आणि शवपेटी उचलायला उंच, धडधाकट पुरुष मिळायची मारामार. एन्सिओ उंच होता आणि नाही म्हणायचा नाही. नगरपालिकेच्या तळघरात, बॉयलरच्या शेजारी त्याची कॉम्प्युटरची खोली होती. तिथे दाराच्या मागे काळा सूट कायम अडकवलेला असे. चर्चमधून निरोप आला की तो सूट चढवायचा, पेटीला खांदा द्यायचा आणि परत येऊन सर्व्हरसमोर बसायचा. नंतरच्या कॉफीला थांबायचा नाही, घरच्यांना आपली अडचण नको म्हणून.

ही त्याची खोडच होती. कुणाला त्रास नको. एका हिवाळ्यात बर्फावर घसरून त्याचं मनगट मोडलं, तर पठ्ठ्या एका हाताने गाडी चालवत दवाखान्यात गेला. मी म्हटलं, "अरे गाढवा, अँब्युलन्स कशाला असते?" तर म्हणाला, "ती कुणालातरी खरंच लागली असती." आमच्या लोकांना हा मोठा सद्गुण वाटतो. मी घरसेवेची नर्स आहे, तीस वर्षं म्हाताऱ्यांच्या घरी जाते. या सद्गुणाने किती जणांना न्हाणीघराच्या फरशीवर सबंध दिवस पाडून ठेवलंय ते मला विचारा.

आमचं काम असं. गावाच्या फेऱ्या पाडलेल्या आहेत, प्रत्येक फेरीला एक नर्स. कुणाकडे जायचं, कुणाला इन्सुलिन, कुणाची जखम बांधायची, हे सगळं सर्व्हर पहाटे आपोआप जुळवतो आणि आमच्या फोनवर पाठवतो. ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या अशा कामाला ते लोक जॉब म्हणतात. दर फेरीचा एक जॉब. नवी फेरी काढायची झाली की आमची मुख्य, आनेली, पडद्यावर गल्ल्या निवडते आणि बटण दाबते. मग एन्सिओने लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम मागच्या मागे सर्व्हरवर नवा जॉब तयार करतो.

आता या प्रोग्रॅममध्येही एन्सिओची खोड उतरली होती. जॉब तयार होताना काही बिनसलं, तर पडद्यावर चकार शब्द यायचा नाही. 'फेरी तयार आहे' एवढंच दिसायचं. तक्रार गुपचूप एन्सिओच्या मेलवर जायची. तो ती बघून आमची कॉफी संपायच्या आत दुरुस्ती करून मोकळा व्हायचा. त्यामुळे आमची ठाम समजूत, की आपला सर्व्हर कधी बिघडतच नाही. दुसऱ्या गावातल्या नर्सा त्यांच्या कॉम्प्युटरला शिव्या घालायच्या आणि आम्ही टेचात ऐकून घ्यायचो.

मग सरकारने गावोगावच्या सेवा एकत्र केल्या. आमचा सर्व्हर जिल्ह्याच्या शहरात गेला आणि टार्मो नावाच्या तरुण, नम्र इंजिनियरच्या हाती आला. एन्सिओ निवृत्त झाला. निरोपाचा केक खाऊन झाल्यावर त्याने आपला कप स्वतः विसळला आणि बाकीच्यांचेही विसळले. पोटात दुखत होतं म्हणे तेव्हापासूनच. बोलला नाही. नियमाप्रमाणे त्याचं खातं बंद झालं, मेलही बंद झाली. जुन्या फेऱ्यांचे जॉब टार्मोने व्यवस्थित आपल्याकडे घेतले. तो छोटा प्रोग्रॅम मात्र कुणी उघडून पाहिला नाही. मुकाट चालणाऱ्या गोष्टीत कोण हात घालतो?

हिवाळ्यात कळलं की एन्सिओला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि तो शहरातल्या वॉर्डात आहे. आम्ही कार्ड पाठवलं. सगळ्यांनी सह्या केल्या. भेटायला कुणीच गेलं नाही. आजारी माणसाला निवांत राहू द्यावं, अशी आमच्याकडची रीत.

ईस्टरच्या आठवड्यात आनेलीने नववी फेरी काढली. चर्चमागच्या बैठ्या घरांच्या ओळी तिच्यात घातल्या. बटण दाबलं, 'फेरी तयार आहे' आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवव्या फेरीच्या नर्सचा फोन कोरा. आनेलीने फेरी पुसली, परत काढली. पडदा पुन्हा म्हणाला, तयार आहे. फोन पुन्हा कोरा.

गुरुवारी सकाळी टार्मोला फोन लावला. तो बिचारा प्रामाणिकपणे एकेक गोष्ट तपासत होता आणि आम्हाला सांगत होता. "जॉब चालवणारी यंत्रणा चालू आहे. परवानग्या ठीक आहेत. डिस्कवर जागा आहे. बाकी आठ जॉब पहाटे नीट चालले. नववा तिथे नाहीच. आणि मुख्य म्हणजे, एरर कुठेच नाही."

"म्हणजे काय? भुताने नेला?" मी विचारलं.

"कुणीतरी तो तयार करायला नकार दिलाय आणि का दिला ते आपल्याला सांगत नाहीये. एन्सिओचा जुना प्रोग्रॅम वाचावा लागेल. तो चांगला लांबलचक आहे. घाईत हात लावला आणि चालू फेऱ्या बंद पडल्या तर पंचाईत. सणानंतर शांतपणे बसतो. तोवर हाताने वाटून घ्याल का?"

"त्यापेक्षा एन्सिओलाच विचारू या ना," मी म्हटलं. "एका वाक्यात सांगेल तो."

आनेलीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये शिवी दिली होती.

"मार्युत, तो वॉर्डात आहे. आजारी माणसाला ऑफिसच्या कामासाठी फोन करायचा नसतो."

"तोंड चालतंय ना त्याचं?"

"नियम आहे. आणि नियम नसता तरी मी केला नसता."

तेही खोटं नव्हतं. आनेली वाईट बाई नाही. मी नवव्या फेरीतली माणसं बाकीच्या फेऱ्यांत वाटली, सगळ्या नर्सांना समजावलं आणि सण सुरू झाला.

चार सुट्ट्या ओळीने. निम्म्या नर्सा रजेवर, रस्त्यावर अजून बर्फ, ऑफिसच्या टेबलावर राय धान्याच्या, ईस्टरला खातात त्या काळ्या खिरीचा डबा आणि साय. शेवटच्या दिवशी, सोमवारी, माझ्या हाताने केलेल्या वाटपात एक घर दोन नर्सांकडे गेलं आणि दोघीही मला फोनवर ओरडल्या. माझं डोकं फिरलं. नियम गेला खड्ड्यात म्हटलं आणि सरळ वॉर्डात फोन लावला. एन्सिओ काउप्पिलाला दोन मिनिटं बोलता येईल का, एवढंच विचारलं.

तिकडची नर्स म्हणाली, "तो इथे नाही. गुरुवारी दुपारी घरी सोडलं. शेवटचे दिवस घरी काढायचे म्हणाला. तुमच्याकडेच आहे की तो. नववी फेरी."

एन्सिओचं घर चर्चमागे. त्याला सोडलं ते माझं वाटप झाल्यानंतर. दवाखान्याने पत्ता घातला, पत्त्यावरून तो नवव्या फेरीत गेला, पडद्याने त्याला घेतलंही. जी फेरी नव्हतीच, तिच्यात. शुक्रवार, शनिवार, रविवार त्याच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. अंगाला मॉर्फिनचा पंप लावलेला, आणि त्यातलं औषध शनिवारी बदलायचं होतं.

मी गाडी कशी चालवली ते आठवत नाही. दाराशेजारच्या डबीतून किल्ली काढून आत गेले. तो भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. चादरीचं टोक दातात धरून धरून फाटलं होतं. उशाला पाण्याचा रिकामा पेला. कुठूनतरी बारीक टिकटिक ऐकू येत होती. पंप औषध संपल्याचं ओरडत होता, आणि त्याने तो दोन उशांखाली, वर जाड स्वेटर घालून दाबून ठेवला होता.

"शेजारी नातवंडं आली आहेत," तो म्हणाला. "झोपत असतील."

डॉक्टरला फोन केला, सांगितला तो डोस दिला, औषध बदललं. पाणी पाजलं, अंग पुसलं, अंथरूण बदललं. त्या उंच माणसाला मी एकटीने कूस बदलून दिली, इतका तो हलका झाला होता. हळूहळू त्याचे गुडघे सैल पडले.

"नववी फेरी बनलीच नाही ना?" त्याने विचारलं.

"तू बोलू नकोस."

"शुक्रवारी कुणी आलं नाही, तेव्हाच लक्षात आलं. सर्व्हरवर प्रत्येक जॉबला एक मालक लागतो. ज्याच्या नावावर तो चालतो, तो. माझ्या प्रोग्रॅममध्ये मालक म्हणून मीच आहे. माझं खातं बंद. म्हणजे सर्व्हर म्हणणार, असा कुणी माणूस आमच्याकडे नाही, जॉब करता येत नाही. आणि हे तो सांगणार कुणाला? मलाच. बंद मेलवर."

"हे तुला शुक्रवारपासून माहीत होतं?"

"हं."

"फ्रिजवर नंबर चिकटवलाय, फोन हाताशी आहे. आणि तू इथे चादर चावत पडलास?"

"सणात तुमची माणसं कमी असतात. आणि चूक माझीच होती."

"आणि त्या फेरीतली बाकीची माणसं? ती मेली असती तर?"

तो जरा चकित झाला. "त्यांना तू वाटून घेतलं असशील," तो म्हणाला. "ते मला माहीत होतं."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. राग आणि रडू एकदमच आलं. त्याचा राग, आनेलीचा, माझा, आमच्या या अख्ख्या सभ्य जमातीचा. गुरुवारी एक फोन केला असता, तर त्याने बिघाडही सांगितला असता आणि तो घरी निघालाय हेही कळलं असतं. आम्ही त्याला त्रास दिला नाही, त्याने आम्हाला त्रास दिला नाही. सगळे अगदी नीट वागलो.

परत येऊन मी टार्मोला फोन लावला आणि आवाज मोठा करून एन्सिओच्या उशीवर ठेवला.

"एन्सिओ," टार्मो अडखळला, "तुम्हाला असा त्रास द्यायला नको होता."

"तू कुठे देतोयस? मार्युत देतेय. तिला सवय आहे." मग श्वास घेऊन म्हणाला, "प्रोग्रॅमच्या शेवटी बघ. मालकाच्या जागी माझं नाव आहे. ते काढ."

"सापडलं. माझं टाकू?"

"नको. कुणाचंच टाकू नकोस. माणसं जातात. सर्व्हरचं स्वतःचं खातं आहे, ते टाक."

तिकडे कळफलक वाजत राहिला. इकडे एन्सिओ डोळे मिटून ऐकत होता. थोड्या वेळाने टार्मो म्हणाला, "झाला. नववा जॉब तयार झाला, चालवूनही पाहिला." माझ्या खिशातला फोन थरथरला. मग टार्मोने विचारलं, "आणि खाली तुमची मेल आहे, तक्रार जाण्यासाठी. तिथे माझी घालू ना?"

एन्सिओने डोळे उघडले.

"नको," तो म्हणाला. "पडद्यावर दाखव. लाल अक्षरात. बटण दाबणाऱ्याच्या तोंडासमोर. आणि वाचल्याशिवाय ते जाऊ देऊ नकोस."

"लोक वैतागतील."

"वैतागू देत."

त्यानंतर नववी फेरी रोज वेळेवर पोचत होती. आनेली एकदा त्याला भेटायला आली, कोट न काढता खुर्चीच्या कडेवर बसली आणि हवेबद्दल बोलली. परत येताना गाडीत मला म्हणाली, "नियमच होता गं." तिला दोष द्यायला आजही जीभ रेटत नाही, आणि माफ करणारी मी कोण?

तळ्यावरचा बर्फ वितळण्याआधी काळा पडायला लागला होता, तेव्हाची गोष्ट. रविवार होता. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. फ्रिजवरच्या त्या नंबरवरून, म्हणजे आमच्याच कचेरीतून, मला फोन आला. तिथली मुलगी म्हणाली, एका माणसाचा फोन होता, बराच वेळ नुसताच श्वास ऐकू येत होता. ती फोन ठेवणारच होती. मग त्याने नाव सांगितलं, पत्ता सांगितला, आणि म्हणाला, कुणी येऊ शकेल का.

मी पोचले. पंप नीट चालू होता, औषध भरलेलं होतं, सकाळची नर्स येऊन गेली होती. दुखतंय का विचारलं, तर त्याने मान हलवली, नाही म्हणून. मला करण्यासारखं तिथे काही काम नव्हतं. माफी मागायला त्याने तोंड उघडलं, तेव्हा मी म्हटलं, "गप्प बस, एन्सिओ." मग कोट काढला, खुर्ची पलंगाशी ओढली आणि त्याचा हात धरून बसले. संध्याकाळपर्यंत तो होता.