वेळ अमावस्येला रुतलेला रणगाडा

ऊस तोडून नेलेल्या तुकड्यात गाडी घातली ती मीच. बायको म्हणत होती, "अवो, गाडीवाटेनं चला की." मी म्हटलं, "ही गाडी नाही, रणगाडा आहे. बघ तू फक्त." तिनं बघितलं. आमचा रणगाडा दाराच्या पायरीपर्यंत काळ्या रानात जाऊन बसला. मी आणखी रेस दिली. चाकं जागच्या जागी फिरली, मागची काच चिखलानं लिंपून निघाली आणि गाडी अजून चार बोटं खाली गेली.

वेळ अमावस्या होती. आमच्याकडं त्या दिवशी सगळं गाव रानात जेवायला जातं. चाकूरजवळच्या सासुरवाडीच्या शेतात कडब्याची कोप, म्हणजे पूजेचं खोपटं, उभी होती, पाहुणे पंगतीची वाट बघत होते आणि ताकातल्या आंबिलीचा माठ माझ्या गाडीत होता. त्या आंबिलीचा नैवेद्य झाल्याशिवाय कुणाच्या तोंडात घास जाणार नव्हता.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ते फौजेत होते, तरुणपणी पंजाबच्या सरहद्दीवर लढले. दर वेळ अमावस्येला जेवणं झाली की त्यांची लढाई सुरू व्हायची आणि भज्जी-आंबील पोटात गेल्यामुळं माझी झोप. गेल्या वर्षी मी नेमका जागा राहिलो आणि घोटाळा केला. म्हटलं, "मामा, ते रणगाडे म्हणजे जुने डबे होते. आताच्या गाड्यांपुढं पाण्याचं काय चालतंय?" मामा धोतर झटकून उठले. ती लढाई तिथंच अर्धी राहिली. वर्षभर नातवंडांनी मागितली तरी "जुनी झाली रे" म्हणून टाळायचे. हे बायकोला फार लागलं होतं.

तर मी खिडकीतून डोकं काढून बसलेलो आणि शेजारच्या उभ्या उसातून मामा बाहेर आले. ऐंशी ओलांडलेला माणूस, हातात खोरं.

"राम राम, जावईबापू. रेस देऊ नका. त्यांनीबी दिली होती."

"कुणी?"

"दुश्मनाच्या रणगाड्यांनी. ते लई होते, आमी थोडे. समोरासमोर टिकलो नसतो. मग पाटाचं पाणी रानात सोडलं आन् उसात दबा धरला. त्यांना वाटलं, मोकळं रान हाय, चला सरळ. पुढचे रुतले, मागचे वळायला गेले." त्यांनी खोऱ्याच्या दांड्यानं माझ्या गाडीचा पत्रा वाजवला. "रणगाड्याचं कातडं पुढून जाड, कडेनं पातळ. वळला की बरगडी आमच्याकडं. मारायचं ते हितं."

"मग पुढं काय झालं?" मी विचारलं. खरंच ऐकायचं म्हणून, पहिल्यांदाच.

"काय होणार? उतरून पायी गेले. उतरा."

मी उतरलो. बूट चिखलानं ठेवून घेतले. माठ डोक्यावर घेऊन अनवाणी कोपीपर्यंत पोचलो तेव्हा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. जेवणानंतर मामांनी चाकांखाली कडबा घालून, ट्रॅक्टर लावून गाडी काढून दिली. पण त्याआधी लढाई झाली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुणी झोपलं नाही.

नांदेडला परतताना मी म्हटलं, "ऊस तर तोडून नेलेला. रिकाम्या तुकड्याला पाणी कशाला दिलं असेल? वर पाचट पसरलेलं, ओल दिसलीच नाही मला."

बायको बाहेर बघत म्हणाली, "काल बाबांचा फोन होता. जावई कुठून येतील विचारत होते. मी म्हटलं, गाडीवाटेनं चला असं मी सांगते, म्हणजे ते नक्की रानातून येतील."